इझोबेलआजींचा 'स्विदर'

मार्च सरत आला होता, तरी विनिपेगमधला बर्फ हटला नव्हता. मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते, तेवढ्यात माझ्या नवऱ्याने, संदीपने, दारातून हाक मारली. हॉस्पिटलमधून फोन आला होता. "इझोबेलआजी गेल्या गं. झोपेतच," तो म्हणाला. आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्यापाशी बसून आले होते... सूप नको म्हणाल्या, पण मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये कोणता कोट लागतो, ते मात्र सविस्तर सांगत होत्या.

नागपूरहून आलो तेव्हा आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला लागलो. मी त्यांना मॅडम म्हणायचे, ते त्यांना मुळीच आवडायचं नाही. आमची ईरा त्यांना आजी म्हणू लागली, मग मीही. लग्न करून त्या स्कॉटलंडमधल्या एका मासेमारीच्या गावातून इथे आल्या होत्या. नवरा, डेव्हिड, इथल्याच मातीत विसावला होता. मूल नव्हतं. तिकडे धाकटी बहीण होती, जीन.

पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना ग्रोसरीला घेऊन गेले. बिस्किटांच्या दोन पुड्यांसमोर त्या कितीतरी वेळ उभ्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "थांब जरा, आय ॲम स्विदरिंग." मला वाटलं, कन्फ्यूज झाल्यात. तसं विचारलं, तर मान हलवली. "काय हवं ते मला पक्कं ठाऊक आहे. दोन्ही हवंय. एक उचललं की दुसरं सुटतं, म्हणून हात पुढे जात नाही. आमच्याकडे याला स्विदर म्हणतात." मी म्हटलं, आमच्याकडे पाय घुटमळतात. त्यांनी 'घुटमळणं' म्हणून पाहिलं, 'ळ'पाशी अडल्या आणि हसत म्हणाल्या, "छान आहे, तोंडसुद्धा घुटमळतं."

बिस्किटांचं काय, सुटलं. पण दर रविवारी जीनचा फोन यायचा. माझ्याकडे ये, खोली रिकामीच आहे, आता दोघी मिळून राहू. दर वसंतात आजींचं जायचं ठरायचं आणि पानगळीपर्यंत मोडायचं. इथे डेव्हिडला एकटं टाकून कसं जायचं? आणि तिकडे जीन एकटी... त्या बोलायच्या, मी ऐकायचे. माझीही आई नागपुरात एकटीच होती आणि आमचं पीआर, इथे कायम राहायची परवानगी, नुकतंच आलं होतं. आम्ही दोघी चहा थंड होईपर्यंत त्या टेबलाशी बसायचो.

गेल्या जानेवारीत छातीत कफ झाला, म्हणून त्यांना ॲडमिट केलं. घरी आल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. "ठरलं. मेमध्ये जाते. परत येणार नाही."

"आणि डेव्हिड?"

"मी दुकानात रेंगाळायचे, तो बाहेर गाडीत बसून राहायचा. कधी हॉर्न वाजवला नाही त्याने," त्या म्हणाल्या. "थांबेल."

संदीपने तिकीट काढून दिलं. आजींनी पडदे धुवायला काढले, डेव्हिडच्या कबरीवर जाऊन आल्या. मार्चमध्ये कफ उलटला आणि पुन्हा हॉस्पिटल झालं.

जीनना मीच कळवलं. मग त्यांनी विचारलं, "तिने माझं मन राखायला तर म्हटलं नसेल ना, जाते म्हणून?" मी म्हटलं, नाही, मनापासून ठरवलं होतं, तिकीटही काढलंय. "आमच्या इझोबेलने? ठरवलं?" त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांचा आवाज फुटला. "खोलीला मी पुन्हा रंग दिला नाही... म्हटलं, ती काही येत नाही."

आता ते घर विकायला निघालंय. आम्ही जवळच एका काँडोत आलो. ईरा घरात इंग्लिशच बोलते, पण शाळेत कुणालाही ठाऊक नसलेला तो एक शब्द ती अगदी आजींच्या उच्चारात म्हणते, 'र' घोळवून. सकाळी कपाट उघडून दोन स्वेटरांसमोर उभी राहते. "आई, आय ॲम स्विदरिंग."

पूर्वी मी म्हणायचे, सावकाश ठरव. आता दारात बूट घालून मी उभी असते आणि म्हणते, ठरव बाळा, लवकर ठरव.