रिकाम्या खुर्च्यांपुढचा तास

कोऱ्या पुस्तकाचा वास आला की मला अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या लायब्ररीतली ती दुपार आठवते. मुलगा-सून ऑफिसात, बाहेर ऊन मी म्हणायचं, म्हणून मी तिथे एसीत जाऊन बसायची. त्या दिवशी आतल्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या आणि समोर माझ्याच वयाच्या एक कृष्णवर्णीय बाई उभ्या, म्हणून मीही आत जाऊन बसले. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यावर पुस्तक लिहिलेलं, त्याचं वाचन होतं. आणि ऐकायला कोण, तर मी एकटी! लायब्ररीतली मुलगी ओशाळून म्हणाली, "कॅन्सल करू या का?" "का? एक विद्यार्थिनी आलीय की," म्हणत त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता मी चौथीपर्यंत शिकलेली, बाईंनी बघितलं की उठायचं एवढं अंगात भिनलेलं, ताडकन उभी राहिले! त्या खळखळून हसल्या, मला हातानं बसवलं आणि तासभर वाचलं. गोऱ्यांच्या शाळेनं टाकलेली पुस्तकं यांच्या शाळेत यायची, आत आधीच दुसऱ्या मुलांची नावं असायची, तेवढं मला कळलं. बाकीचं डोक्यावरून गेलं, तरी मी मान हलवत राहिले. शेवटी सवयीनं त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?" मी धीर करून म्हटलं, "टुमारो क्लास?" त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "नाही हो, आजच्यापुरताच." आता मला इंग्रजी बऱ्यापैकी येतं. त्यांना काय काय विचारायचं ते दुपारभर मनात जुळवते, आणि घरात फ्रीजचा तेवढा आवाज असतो.