अक्षरांचा व्यापार

टायपिंगच्या बाई आमच्याकडे पाठ करून बसायच्या, तरी माझी करंगळी कुठं चुकली ते त्यांना कळायचं. दहा कीबोर्डांचा कलकलाट चाललेला असायचा आणि त्यातून बाई शांतपणे म्हणायच्या, "सुनंदा, करंगळी उचल. तिचं काम दुसऱ्या बोटावर ढकलू नको." मी आटपाडीला क्लास लावला तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं, या बाईच्या पाठीला डोळे आहेत. नंतर कळलं, पुढच्या बाजूलाही नव्हते.

बाईंची नजर एकदम गेली नव्हती. वयाच्या विशीत त्यांना अंधार पडल्यावर दिसेनासं झालं. मग बाजूचं दिसेना, मग नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसायचं, आणि पुढं तेही गेलं. सुरुवातीलाच मिरजेच्या एका डॉक्टरांनी विचारलं होतं, आई-वडील नात्यातले का. होतेच. आमच्या भागात मामाची पोरगी करायची पद्धत. बाई ती हकिकत अगदी सरळ सांगायच्या. "तपासलं, आन मग डाक्टरनं चहा पाजला. चहा आला तवाच मी वळखलं. इलाज असता तर औषधाचा कागद दिला असता." पुढं जमत आलेलं एक लग्न त्यांनी स्वतःच मोडलं आणि टायपिंगचा क्लास काढला. "न बघता करायचं काम ह्येच एक मला ठावं हुतं," असं त्या म्हणायच्या.

मी मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. वडील वर्षातले सहा महिने वाटेवर असायचे. मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झाले तर कुठंतरी कारकून होईन, एवढीच आशा होती. म्हणून सगळ्या मुली गेल्यावरही मी सरावाला थांबायची. अशीच एकदा थांबले असताना कोपऱ्यातल्या संगणकातून एक सपाट आवाज ऐकू आला : फाइव्ह. यू हॅव लँडेड ऑन... बाई खेळत होत्या.

लहानपणी बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ व्यापार खेळायचे, पुठ्ठ्याचा पट आणि कागदी नोटा घेऊन. नजर गेल्यावर पट कामाचा राहिला नाही. मग क्लासचे संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या माणसानं त्यांना त्याच खेळाचा एक जुना प्रकार टाकून दिला. त्यात चित्र नाही, रंग नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. फासे संगणकच टाकतो, तुम्ही कुठं आलात ते लिहितो, जागा घेता का विचारतो. पडदा वाचून दाखवणारा आवाज त्यांच्या संगणकात होताच. बाकीच्या जगाला तो खेळ कंटाळवाणा वाटला असता. बाईंना तो पूर्ण दिसायचा.

फक्त तो इंग्रजी होता. ती सगळी वाक्यं एका फाइलमध्ये असतात हे त्या दुरुस्तीवाल्यानं दाखवलं आणि बाईंनी मला कामाला लावलं. "सरावाचा सराव व्हईल," म्हणाल्या. महिनाभर मी इंग्रजी ओळी काढून मराठी टाकत होते. तुम्हाला पाच पडले. जागा मोकळी आहे. घेता? हो की नाही? शहरांच्या नावांशी आले तेव्हा मी मुंबई सगळ्यात महाग ठेवली होती. बाईंनी ती खोडायला लावली. "तिथं आटपाडी टाक. तिच्या खालोखाल कवठे महांकाळ. सातारा, सांगली सुरवातीला, स्वस्तात." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "खरंखुरं कुणी देणार न्हाई आपल्याला. हितं तरी असू दे."

खेळताना बाईंची एक सवय मला विचित्र वाटायची. तुरुंगात पडल्या की दंड भरून बाहेर यायच्या नाहीत. पैसे असले तरी तिन्ही पाळ्या आत बसून काढायच्या. मी म्हटलं, "आवं बाई, तवर मी सगळं घेऊन टाकीन." त्या म्हणाल्या, "घे की. आत बसलेलं बरं असतं गं. भायेर फिरलं की कुणाच्या तरी जागंत पाय पडतोय." त्याच आठवड्यात बाजारात त्या एका भाजीवालीच्या टोपलीत पाय घालून पडल्या होत्या आणि लोकांनी शिव्या दिल्या होत्या. ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मला शेजारणीकडून कळलं.

मी पास झाले. साताऱ्याला सरकारी कचेरीत लागले. त्या नोकरीतलं निम्मं श्रेय बाईंचं आहे, हे मी आजही कुणालाही सांगते. इकडे क्लासमधल्या मुली कमी होत गेल्या. आंधळी बाई काय शिकवणार, असं नवे पालक तोंडावर म्हणू लागले. क्लास बंद झाला. तोपर्यंत धाकटा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधून राहिला होता. तो बाईंना आणि त्यांच्या संगणकाला घेऊन आला. मी रविवारी जाऊ लागले.

भावाची मुलगी पल्लवी तेव्हा तेरा वर्षांची होती. आत्ती आणि ती एका संगणकावर शेजारी बसून व्यापार खेळायच्या. पल्लवी पडद्यावर वाचायची, बाई ऐकायच्या. पल्लवीला तुरुंगात बसवत नसे, ती पहिल्याच पाळीला दंड भरून सुटायची आणि दिसेल ती जागा घेत सुटायची. बाई म्हणायच्या, "ही माझ्यासारखी न्हाई, ही बापावर गेलीया," आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. मोठी झाल्यावर पल्लवीनं पोलीस भरतीचं ठरवलं. रोज सकाळी मैदानावर पळायला जायची.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी खेळत होतो. पल्लवी चहा आणायला उठली आणि बोळात ठेवलेली पाण्याची घागर तिनं पायानं लवंडली. ती घागर कित्येक वर्षं त्याच जागी असायची. "दिसलीच न्हाई," ती हसत म्हणाली आणि फडकं आणायला गेली. बाईंचं बोट कळीवर थांबलं. संगणक विचारत राहिला, घेता? हो की नाही?

"सुनंदा," बाईंनी हळूच विचारलं, "उजेड हाय का गं अजून?"

"हाय की. भायेर पोरं क्रिकेट खेळत्यात."

त्यांनी डाव तिथंच बंद केला. पुढचे दोन आठवडे त्या काही ना काही कारण काढून पल्लवीला दिवेलागणीला माळ्यावर, परसात पाठवत होत्या आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "माझंच दुखणं हाय ते. वैनी बी माझ्या मामाची लेक. मला सुचाय पायजे हुतं."

मी म्हटलं, तिला सांगा, डॉक्टरला दाखवा.

"दाखवून काय? चहा पाजतील." मग त्या म्हणाल्या, "अजून वीसेक वरसं दिसंल तिला. ती तरी तिला सुखानं बघू दे. तू बोलू नको. भावाला बी न्हाई."

मी बोलले नाही.

त्यानंतर बाईंनी खेळाचा नियम बदलला. पडदा बंद करून खेळायचं. "मी खेळते तसं तू बी खेळ, मग बरोबरीचा डाव व्हईल," असं त्यांनी पल्लवीला सांगितलं. तिला गंमत वाटली. कोणती जागा कुणाची, कोणाकडं किती शिल्लक, सगळं ऐकून लक्षात ठेवायला ती शिकली. मग बाईंनी तिला न बघता टायपिंग शिकवलं, पोलिसात बढतीला उपयोगी पडेल म्हणून. मी शेजारी बसून बघत असे. आपल्या अंगावरचं एकेक काढून पोरीच्या अंगावर चढवावं, तसं चाललं होतं आणि पोरगी हसत होती.

पल्लवी मैदानी परीक्षा पास झाली, लेखी पास झाली. वैद्यकीय तपासणीत तिच्या डोळ्यांतला दोष सापडला. त्या दिवशी निकाल कळावा म्हणून मी कचेरीतून सरळ त्यांच्याकडे गेले होते. ती आली आणि चपला न काढता आत्तीसमोर उभी राहिली.

"घरात कुणाला हाय का, असं इचारलं त्यांनी. आत्ती, तुला ठावं हुतं?"

बाईंनी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"ठावं हुतं का?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दोन वरसं झाली."

"आन मला पळू दिलंस."

"पळून आलीस की तू लय खूश असायचीस, बाळा."

पल्लवीनं हात पुढं करून संगणकाचा पडदा लावला. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणून बंद कराय लावायचीस व्हय." मग ती आत गेली.

त्यानंतर ती आत्तीशी बोलली नाही. ताट वाढायची, औषध द्यायची, हात धरून न्हाणीपर्यंत न्यायची. शब्द मात्र नाही. कारखान्यात दिवसपाळीचं काम तिनं धरलं. बाई एकट्या खेळू लागल्या, दोन्ही बाजूंनी. एकदा मला त्यांनी विचारलं, "सुनंदा, मी चुकले का?" मला नाही म्हणायचं होतं. हो म्हणायचंही होतं. मी काहीच म्हटलं नाही आणि बाईंना माझं गप्प बसणंही ऐकू येत असे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आठ दिवसांच्या तापानं बाई गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत त्यांची बोटं चादरीवर हलत होती. पल्लवी उशाशी बसून होती. ती बोलेल असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. ती बोलली नाही.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. पल्लवी नुकतीच कामावरून आली होती. अजून पाच वाजले नव्हते, तरी तिनं सगळ्या खोल्यांतले दिवे लावले होते.

"तुमाला बी ठावं हुतं ना?" तिनं विचारलं.

"होतं."

तिनं मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आत्तीला कितव्या वर्षापत्तुर दिसत हुतं?"

आटपाडीच्या क्लासमध्ये बाईंनी मला तो आकडा कितीदा तरी सांगितला होता. मी तोच सांगितला, "चव्वेचाळीस."

पल्लवी तेवीस वर्षांची आहे. तिचे ओठ किंचित हलले, वजाबाकी करताना हलतात तसे. मग ती उठली आणि म्हणाली, "बसा, चहा टाकते."