सातचा भोंगा आणि आमचे घरमालक

बिरवाडीत ज्या ज्या मुलग्याला वेळेवर शी होते, त्याचं निम्मं श्रेय त्याच्या आईचं आणि निम्मं आमच्या घरमालकांचं. आईचं निम्मंही ते मनातल्या मनात स्वतःकडेच धरायचे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. सगळे त्यांना आबा म्हणत. कंपनीच्या फाटकावर नोकरी करून ते निवृत्त झाले होते, आणि शिफ्ट बदलताना भोंगा वाजवायचं काम इतकी वर्षं त्यांच्याकडे होतं. "माझ्या एका बोटावर सगळी कंपनी उठायची नि बसायची," असं ते ते बोट दाखवून सांगायचे. निवृत्त झाल्यावरही अंगात कंपनीचा खाकी शर्ट असायचा आणि मनगटावर घड्याळ नसायचं. घड्याळ कशाला, भोंगा होता. सकाळी सातला कंपनीत भोंगा झाला की आबा तांब्या उचलायचे. त्यात कधी मागेपुढे झालं नाही.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा बाकीचे घरमालक आधी आडनाव विचारत होते, मग गाव. आबांनी दोन्ही विचारलं नाही. माझ्या कडेवरच्या सुजलकडे बघून म्हणाले, "पोरगा काय गो? सांगतो काय?" मला आधी कळलंच नाही काय सांगतो ते. कळलं तेव्हा मी भिंतीकडे बघून मान हलवली. नाही सांगत. आबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मग खोली तुमचीच."

त्यांच्या पाच खोल्यांच्या ओळीत लहान मुलगे नेहमीच असत, कारण आबा भाडेकरू तसेच निवडत. मुलींच्या भानगडीत ते पडत नसत. "पोरी आपल्या आपण शिकतात. पोरगे ठोंबे. त्यांना शिफ्ट लावून द्यावी लागते." खोल्यांच्या मागच्या बाजूला, शेवग्याखाली, प्रत्येक मुलासाठी जांभ्या चिऱ्यांची एकेक जोडी मांडलेली होती. कोणाची जोडी कोणती हे ठरलेलं. मुलगा वाढला की आबा वाकून दोन चिऱ्यांमधलं अंतर बोटभर वाढवायचे. खाली राख टाकायची, वर राख टाकायची, आणि नंतरचं सगळं आयांनी बघायचं. सात वाजता भोंगा झाला की मुलगे ओळीने बसायचे. आबा समोर प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसायचे, पण पाठ करून. एकदा मी पदर सावरत विचारलं, आबा, पाठ का करता? तर म्हणाले, "माणसाला लाज असते गो. तो तीन वर्षांचा असला तरी माणूसच हाय ना."

शू मात्र जास्वंदीच्या मुळाशी करायची असा नियम होता. त्या जास्वंदीला जी फुलं लागायची तशी मी आमच्या गावीही पाहिली नाहीत. पण शेजारच्या खोलीतल्या बाईने ती देवाला न्यायचं सोडून दिलं. आबा म्हणाले, "देवाला चालत नसतील तर राहू दे. झाडावरपण बरी दिसतात."

आणखी एक नियम होता. टाळ्या वाजवायच्या नाहीत. माझ्या फोनवरच्या व्हिडिओत एक डॉक्टरीण सांगायची की मुलाने भांड्यात शी केली की टाळ्या वाजवा आणि हातावर चांदणी चिकटवा. मी तसं केलेलं आबांनी पाहिलं. "शी केली म्हणून टाळ्या? उद्या नोकरीला लागला तर काय बँड लावशील?" तिकडे सासूबाई फोनवर सांगायच्या की ओवा दे. समोरच्या घरातली बाई सांगायची की नजर लागली आहे. डॉक्टरीण सांगायची घाई करू नका, आणि बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, शी-शू सांगत असेल तरच जूनमध्ये आणा, नाहीतर पुढच्या वर्षी. मला त्या जूनपासून पॅकिंगच्या कामाला बोलावलं होतं. पुढचं वर्ष येईपर्यंत ती जागा माझ्यासाठी कोण ठेवणार? एवढे सगळे सांगत होते, फक्त सुजल सांगत नव्हता. कोणाचं ऐकावं मला समजेना. शेवटी खोली आबांची होती म्हणून आबांचं ऐकलं.

आणि ते जमलं. काही आठवड्यांत सुजल भोंगा ऐकला की हातातली चपाती टाकून मागे पळायला लागला. मी मनात कामाला जायची साडीसुद्धा ठरवली.

मग दिराच्या साखरपुड्याला आम्ही सासरी गेलो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी आहे. तिथे कोंबडा आरवतो, एसटी वळणावर हॉर्न देते, पण भोंगा नाही. पहिल्या सकाळी सुजल नुसता बसून राहिला. म्हटलं, जागा नवीन आहे. दुसऱ्या सकाळी म्हणाला, "आये, भोंगा नाय." पुढच्या सकाळी पोट धरून रडला. सासूबाईंनी ओवा दिला, एरंडेल दिलं, पोटावर हिंग लावला. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि जो तो विचारतोय, झाली काय? पोराच्या शीची एवढी चौकशी होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी आत चुलीपाशी जाऊन बसले.

शेवटी न राहवून आबांना फोन लावायला उठले. आमच्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते, आणि टाकी वाडीच्या मधोमध आहे. सुजलला कडेवर घेऊन मी तिथे उभी राहिले. सासूबाई मागोमाग आल्या.

"आबा, मी बोलते. वाडीवरनं."

"बोल गो. पोरगा कसा हाय?"

"बरा हाय."

"मग फोन कशाला केलास?"

"ते... बंद हाय."

"काय बंद हाय? लाईट?"

"नाय."

"पाणी?"

पाण्याला आलेल्या बायका हंडे घेऊन थांबल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली. आबांना समजलं. मग म्हणाले, "कधीपासून?"

"आलो तवापासून."

"स्पीकर चालू कर. फोन पोराच्या हातात दे."

आबा आधी खाकरले. मग त्यांनी तोंडाने भोंगा वाजवला. बारीक सुरू होऊन वर वर चढत गेलेला, वर जाऊन थरथरलेला आणि शेवटी लांब खाली उतरलेला, अगदी कंपनीचा. एवढ्याशा फोनमधून एवढा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. तळीयेला दरड आली तेव्हापासून आमच्या डोंगरात कसलाही मोठा आवाज झाला की माणसं आधी दारात येतात आणि मग विचारतात. वाडीतली सगळी दारं उघडली. एक म्हातारे घोंगडी सावरत धावत आले. "काय गो, दरड आली काय?"

"नाय बाबा," मी म्हटलं. "भोंगा हाय."

"कसला भोंगा?"

आता कसला म्हणून सांगू? सुजल तोवर कडेवरून उतरून टाकीच्या मागे पळाला होता. पाठोपाठ सासूबाई गेल्या आणि तोंडाला पदर लावून परत आल्या. सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "झाली." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुझ्या पोराला फोन लावून होते काय गो?"

परत आल्यावर मला वाटलं, आबा मिशीत हसत असतील. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "चुकलंच माझं. भोंगा कंपनीचा, पोट पोराचं. उद्या कंपनीच बंद पडली तर?" मालकीणकाकू आत तांदूळ निवडत होत्या. त्या मला म्हणाल्या, "आमचा पोरगा कधी चालायला लागला, कधी सांगायला लागला, ह्यांना काय ठाव नाय. तवा हे फाटकावर. दुसऱ्यांच्या पोरांना आता उठवतात-बसवतात ते त्यासाठीच." आबांनी ते ऐकलं की नाही, मला समजलं नाही.

मग त्यांनी सुजलला सातच्या आधीच मागे न्यायला सुरुवात केली. आधी तोंडाने मोठा भोंगा. काही दिवसांनी त्याहून लहान. मग नुसतं गुणगुणल्यासारखं. मग कुजबूज. एक दिवस त्यांनी आवाजच केला नाही, सुजलचा हात त्याच्याच पोटावर ठेवला. "आता बघ, आत वाजतोय काय." सुजल डोळे मिटून ऐकत राहिला. मीही कान देऊन उभी होते, मला काही ऐकू येत नव्हतं. एकाएकी तो म्हणाला, "वाजला."

बालवाडीच्या पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेरच थांबले. पलीकडे भाजीच्या गाडीपाशी आबा एकच दुधी उलटसुलट करून बघत होते. शाळा सुटली आणि सुजल बाहेर आला. चड्डी सकाळचीच होती, कोरडी. बाई म्हणाल्या, सांगितलं हो त्यानं. माझे हात आपोआप वर गेले. आबा दुधी हातात घेऊनच आले, चड्डीकडे बघितलं आणि म्हणाले, "टाळ्या वाजवू नको." पण त्यांचा स्वतःचा हात त्या दुधीवर सारखा थोपटल्यासारखा पडत होता, आणि मागून भाजीवाला ओरडत होता की आधी तो वजनाला द्या.

मी कामाला लागले. सुजल आता पहिलीत आहे. गेल्या वर्षी आबांचा मुलगा येऊन आबा-काकूंना कळव्याला घेऊन गेला. सातवा मजला आहे म्हणे. शेवग्याखालचे चिरे तसेच आहेत, त्यांच्या मधून गवत आलंय.

एके सकाळी मालकीणकाकूंचा फोन आला. त्या आधी पाऊसपाण्याचं बोलल्या, मग माझं काम कसं चाललंय विचारलं, आणि मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "ह्यांचं बंद हाय गो. डॉक्टर झाला, पावडर झाली. म्हणतात, इथं भोंगा नाय. पोराला जरा फोन दे."

सुजल माझ्यावर गेलाय. लाजला. फोन घेऊन मागे चिऱ्यांपाशी गेला, इकडेतिकडे बघितलं आणि भोंगा वाजवला. पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "शेवटी खाली लांब सोडायचा रे. तोडायचा नाय." सुजलने पुन्हा वाजवला. या वेळी लांब सोडला.

तेव्हापासून रोज सातला कंपनीचा भोंगा संपला की तो कळव्याला फोन लावतो. मला मात्र अजून काही उलगडत नाही. आबांचं पोट खरंच भोंग्यावाचून अडलेलं असतं, तर तो ऐकल्याबरोबर माणूस फोन टाकून पळाला असता. सुजल पळायचा तसा. आबा पळत नाहीत. भोंगा संपतो, आणि ते तिथेच बसून विचारत राहतात, जास्वंदीला पाणी कोण घालतं रे, तुझ्या शाळेत आज काय हाय, आये कामावर निघाली काय.