आईनं बघितलेला समुद्र

अहमदपूरहून आईनं पाठवलेला लाडवांचा डबा आज लातुरात उघडला. भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि गुळाचा वास आला, आणि मी दहा वर्षं मागं, पोर्तुगालमधल्या एका किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले.

कॉलेजनं सहा महिन्यांसाठी तिकडं शिकायला पाठवलं होतं. एका शनिवारी वर्गातल्या पोरींबरोबर समुद्र बघायला गेले. माझा पहिलाच समुद्र, म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं तर तो कधीच बघितला नव्हता. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि फोनलाच हात जोडले.

"पाण्यात पाय घालायच्या आधी पाया पड गं. लाडू हाय न्हवं जवळ? त्योच निवद दाखव."

पोरी वळून बघायला लागल्या. मला लाज वाटली. "आई, रेंज न्हाई," म्हणत मी फोन कापला. पोरी पाण्यात शिरल्यावर मात्र गुपचूप वाकले आणि लाडू लाटेवर सोडला.

आत्ता डबा पोचल्याचं सांगायला फोन केला, तर तिकडं शेजारच्या काकू कोकणच्या सहलीचं कौतुक सांगत होत्या. आई त्यांना म्हणाली, "मी बी बघितलाय की समुद्र, लेकीनं दाखवला. रेंज गेली मधीच, न्हाई तर पोटभर बघितला असता."