सुतळीच्या दोन गाठी

माझे बाबा, रुपराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण माप घ्यायची खोड काही गेली नाही. खिळा ठोकायचा असो की कुंडी ठेवायची, आधी माप. मला तर कधी कधी असा राग येतो की विचारू नका. पण मागच्या वर्षी त्यांनी आईचं माप घेतलं, त्याबद्दल मात्र मी त्यांना काही बोलत नाही.

आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, आता खाली बसायचं नाही म्हणजे नाही. आमच्या घरी सगळे चटईवर बसून जेवणारे, आणि आई सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात, एकटी. मग ती ओट्याशी उभी राहून जेवायला लागली. पलंगावर बसून जेवायचं नाही, ताट मांडीवर घ्यायचं नाही, हे तिचे नेम. मी चिडले की म्हणे, "राहू दे वं हर्षा, पोटात गेल्याशी मतलब." आणि पोटात जातच नव्हतं. उभ्यानं गुडघे ठणकायचे, चार घास खाऊन ताट धुवायला टाकायची. चार महिन्यांत तिच्या पोलक्यांच्या बाह्या लोंबायला लागल्या.

एकदा बाबा पाणी प्यायला आत गेले आणि तिला जेवताना पाहिलं. एका हातानं ओटा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातानं घास. बाबा पाणी न पिताच बाहेर आले.

त्याच दुपारी टीव्हीपुढं खुर्चीत आईला डुलकी लागली. बाबांनी सुतळी आणली. तिच्या तळपायापासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरून एक गाठ मारली, कोपरापर्यंत दुसरी. मी म्हटलं, "बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"हळू बोल. पाय पाहा तिचे, टेकतच नाहीत खाली. लोंबत्या पायानं गुडघा आणखी दुखते. मले टेबल-खुर्ची पाहिजे, पण तिच्या मापाची."

नव्या टेबलाचा भाव ऐकूनच आम्ही दुकानाबाहेर आलो. मग जुन्याचा शोध. मी बुटीबोरीला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, रविवारची एक सुट्टी. असे पाच रविवार बाबांनी मला नागपूरच्या लकडगंजात, लाकडी सामानाच्या बाजारात फिरवलं. प्रत्येक दुकानात सुतळी काढायची, खुर्चीला-टेबलाला लावायची, "तीन इंच उंच" म्हणून मान हलवायची. एक दुकानदार म्हणाला, "काकाजी, टेबल घेऊन राहिले का कपडा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन मी बरसलेच, "तीन इंचानं काय आभाळ कोसळते काय? पाटाचा तुकडा ठेवून द्या पायाखाली!"

"त्या पाटाले अडखळून पडली तर?" बाबा म्हणाले. मग आवाज एकदम बारीक करून, "हर्षा, ते खाऊन नाही राहिली वं."

मी पुढच्या दुकानाकडं वळले.

सहाव्या रविवारी मोबाइलवरच्या जाहिरातीवरून नागपूरच्याच महाल भागात चारुलताबाई म्हणून एकांकडे गेलो. सागवानी टेबल, हातांच्या चार खुर्च्या, आणि किंमत इतकी कमी की मला वाटलं लाकडाला वाळवी असणार. बाईंनी बसायच्या आधीच सांगितलं, "एक दोष आहे, आधीच बोलते. पाय कापलेत. टेबलाचे आणि खुर्च्यांचेही. आमच्या सासूबाई ठेंगण्या होत्या, त्यांचे पाय टेकावेत म्हणून ह्यांनी तीन तीन इंच उतरवले. येणारा प्रत्येक जण बघून जातो, घेत कोणी नाही."

बाबांनी खिशातून सुतळी काढली. पहिली गाठ खुर्चीला लावली, दुसरी टेबलाला. परत लावून पाहिली. मग खुर्चीच्या हातावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

"कोणासाठी हवंय?" बाईंनी विचारलं.

"हिच्या मायसाठी. उभ्यानं जेवते जी ते."

बाईंनी पदरानं टेबल पुसलं. स्वच्छच होतं ते. म्हणाल्या, "आमच्या सासूबाई शेवटच्या दिवसापर्यंत इथं आमच्याबरोबर जेवल्या. न्या तुम्ही." बाबांनी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

टेम्पोतून टेबल उतरलं तेव्हा आई माझ्यावरच उखडली, "आता म्हातारपणी हे कायची हौस?" पण त्या रात्री तिनं टेबलावर आम्हाला वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरण. वाढलं आणि नेहमीसारखी मागं उभी राहिली. बाबांनी ताटाला हात लावला नाही.

"जेवा न जी."

"तू बस."

"तुमचं होऊ द्या."

"जिजा, बस."

बाबांनी तिला नावानं हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नव्हती. आई बसली. तिचे दोन्ही तळपाय फरशीवर टेकले, तिनं खाली वाकून पाहिलंसुद्धा. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि उजव्या गालात धरून चावत बसली. किती वेळ चावत होती! मग घोटभर पाणी, मग दुसरा तुकडा. भाकरीची कड तिनं बाजूला काढून ठेवली.

बाबा पाहत होते. "डाव्या बाजूनं काहून नाही चावत?"

"दाढा नाहीत न तिकडं."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार वर्षं."

"मले सांगितलं नाही?"

"त्यात काय सांगायचं? तुमचं झाल्यावर जेवत होती मी. तुम्हाले दिसन कसं?"

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच ते जास्त लागलं. पोरगी म्हणून मीही याच घरात लहानाची मोठी झाले, तिच्या हातचं पोटभर जेवले, आणि माझी आई जेवते कशी हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली मला, खूप लाज वाटली.

बाबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बेचाळीस वर्षं झाले लग्नाले. गुडघ्याचं माप घेतलं, कोपराचं घेतलं, पण तुले जेवताना नीट पाह्यलंच नाही वं मी कधी."

मग त्यांनी तिचं ताट आपल्याकडं ओढलं. कड उचलली, भाकर बारीक कुस्करली, वरण ओतून बोटांनी कालवली, मऊ झाली का ते दाबून पाहिलं, आणि ताट परत तिच्यापुढं सरकवलं.

आई त्या दिवशी पूर्ण भाकर जेवली.