आधार गुरुजींचे रविवार

आधार गुरुजी खेळापायी वेडे झाले आहेत, अशी बातमी पंचक्रोशीत १९८८ च्या डिसेंबरात पसरली. तोवर त्यांना कोणी धावताना पाहिले नव्हते. बस सुटत असली तरी ते चालतच जात, आणि सुटली की झाडाखाली उभे राहून पुढच्या बसची वाट बघत. वाट बघण्याचा त्यांना खात्यामार्फत चांगला सराव झाला होता.

आधार चिंधा सपकाळे, वय चौतीस, जामनेर तालुक्यात, पहूरपासून बसने वीस मिनिटांवरच्या गावात जळगाव जिल्हा परिषदेच्या शाळेवर सातवीचे वर्गशिक्षक. बायको नर्मदा, तीही शिक्षिका, पण धुळे जिल्हा परिषदेची; तिची शाळा नरडाण्याकडच्या एका खेड्यात. जळगाव आणि धुळे यांच्यामध्ये ना डोंगर आडवा येतो ना समुद्र. रेल्वे एकच, आणि शेवभाजीही दोन्हीकडे सारखीच तिखट. पण जिल्हा परिषदा दोन म्हणजे संस्थाने दोन. इकडच्या शिक्षकाला तिकडे जायचे तर तिकडचा कोणी इकडे यायला तयार हवा. याला कचेरीत ‘म्युच्युअल’ म्हणतात. गुरुजी सात वर्षे असा माणूस शोधत होते. लग्नालाही सातच वर्षे झाली होती. मुलगी संघमित्रा चार वर्षांची होती आणि आईजवळ राहायची.

संसार अमळनेरला होता, आणि तोही फक्त रविवारी. तिथे गुरुजींची थोरली बहीण आक्काबाई राहायची. गुरुजी पहाटेच्या एसटीने जळगाव गाठत, तिथून पॅसेंजर. उलट्या दिशेने नर्मदाबाई मुलीला घेऊन येत. सकाळी अकरा ते दुपारी साडेचार, एवढ्या वेळात त्यांना भांडून, जेवून, समजूत काढून पुन्हा स्टेशनवर यावे लागे. जेवणे झाली की आक्काबाई पोरीला कडेवर घेऊन बाजारात जायची आणि मुद्दाम उशीर करायची. जाताना मात्र, सगळा संसार आपल्याच खोलीत, असा टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही.

“दोन दोन सरकारी नोकऱ्या शेतस, आनि बठ्ठा संसार मनी खोलीमा!”

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्याच दिवशी दुसऱ्या सत्राचे परिपत्रक आले. पाचवी ते सातवीसाठी तालुक्याच्या क्रीडास्पर्धा, वाचनस्पर्धा, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धुळ्याला दोन्ही जिल्ह्यांचे मिळून पाच दिवसांचे शिबिर. तालुक्यात खो-खोत पहिल्या येणाऱ्या शाळेने, वाचनातही किमान एक बक्षीस असल्यास, बारा विद्यार्थी व एक शिक्षक पाठवावा. मुख्याध्यापक रुपचंद सरांनी ते नेहमीप्रमाणे फायलीत निजवले. चारच दिवसांनी नर्मदाबाईंचे अंतर्देशीय पत्र आले: “शिबिराच्या स्वयंपाक समितीत माझे नाव घातले आहे. पाच दिवस धुळ्यातच मुक्काम. संघमित्राला सोबत न्यावे लागेल.”

गुरुजींनी पत्र दोनदा वाचले आणि सरळ रुपचंद सरांच्या टेबलापाशी गेले.

“सर, खो-खोचा संघ मी बसवतो. वाचनाचंही बघतो.”

रुपचंद सरांनी चष्मा काढला. “सपकाळे, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“नाही, आपणहून कोणी मागत नाही म्हणून विचारलं.”

खो-खो गुरुजी जन्मात खेळले नव्हते. शाळेच्या वाचनपेटीत नियमांची एक पुस्तिका होती. ती त्यांनी रात्रीतून पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या. अडचण वेगळीच निघाली. दिवस कापूस वेचणीचे. शाळा सुटली की पोरे शेतात. रिकामी सापडायची ती फक्त रविवारी सकाळी, आणि तीही चुडामण आबांनी सोडली तर. आबा शाळा सुधार समितीचे अध्यक्ष. निम्म्या गावाची मजुरी त्यांच्याच केळीत आणि कापसात. गुरुजी त्यांच्या ओट्यावर गेले. ओट्यावर गुरुजींसाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. सात वर्षे तोच कप होता, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी कधी कोणी काही बोलले नव्हते.

“पोरं पळत बसली तं कापूस कोन येचीन, गुर्जी?”

“फक्त रविवारी सकाळी, आबा. तालुक्यात पहिले येऊ.”

“पहिले? जामनेरच्या पोरांपुढं?” आबा हसले. मग त्यांना आठवले की जामनेरवाल्यांनी कुस्तीच्या फडात गावाची एकदा फार लाज काढली होती. “बरं, घ्या. पन हरले तं तुमीच या येचाले.”

अशा रीतीने, बायकोसोबत पाच दिवस मिळावेत म्हणून आधार गुरुजींनी बायकोसोबतचे दहा रविवार देऊन टाकले. हा सौदा त्यांना ओळीने मांडून दाखवला असता तर त्यांनीही तो केला नसता. पण रविवारी भेटायचे म्हणजे घड्याळाकडे बघत भेटायचे. सलग पाच दिवस एका गावात राहणे, सकाळी उठून ती तिथेच असणे, ही चीज त्यांनी लग्नापासून फक्त सुट्यांत चाखली होती, आणि सुट्यांत घर पाहुण्यांनी भरलेले असे.

पोरांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसले की गुरुजी थंडीत सहाला मैदानावर उभे असतात, शिट्टी फुंकून त्यांचा घसा बसतो, आणि खुंटापाशी वळताना पोरगा पडला की त्याच्याआधी ते कळवळतात. वाचनासाठी त्यांनी सहावीतली बेबा निवडली. ती असे वाचायची की पुस्तकाला दटावते आहे असे वाटावे. पेटीतली सगळी पुस्तके तिने महिन्यात संपवली आणि मग गुरुजींकडे जुनी वर्तमानपत्रे मागू लागली.

“तुला एवढं वाचायला वेळ कधी मिळतो गं?”

“कापूस येचताना, गुर्जी. ओटीत पुस्तक, वरून कापूस.”

जानेवारीत पुन्हा पत्र आले. “संघमित्राला वाटते की रविवार बंद झाले. मी कॅलेंडर दाखवले, पण तिचा विश्वास नाही.” गुरुजींनी ते पत्र खिशात ठेवले आणि त्या दिवशी पोरांना अर्धा तास जास्त पळवले.

संघ जिंकला. जामनेरच्या मैदानावर शेवटच्या डावात दोन मिनिटे उरली असताना एका गड्याने असा सूर मारला की दोन्ही गुडघे सोलून निघाले आणि गावाची जुनी लाज धुऊन निघाली. बेबाला वाचनात दुसरे बक्षीस मिळाले. पहिले ज्याला मिळाले तो परीक्षकांच्या शेजारी राहत होता, असे बेबाचे म्हणणे. आबा ट्रॅक्टरला ट्रॉली लावून पोरांना न्यायला आले होते. गावात आल्यावर त्यांनी गुरुजींना हाताला धरून ओट्यावरून आत नेले, आपल्या बशीत चहा ओतला आणि ती बशी त्यांच्यापुढे केली. घरातल्या बायका दारातून बघत होत्या. गुरुजींनी चहा प्यायला. तो फार गोड होता, पण त्यांना ते कळायला दोन दिवस लागले.

शिबिर मात्र शिबिरासारखेच निघाले. पुरुष शिक्षक एका इमारतीत, बाया दुसरीत, मधे चारशे पोरांचे तंबू. पाचला उठण्याची शिट्टी, साडेपाचला प्रार्थनेची, नऊला झोपण्याची. नर्मदाबाई गुरुजींना दिवसातून दोनदा भेटत, दोन्ही वेळा हातात वरणाची बादली घेऊन.

“गुरुजी, वरण?”

“थोडं, बाई.”

“भात घेतला नाहीत?”

“नंतर घेतो.”

एवढे बोलून त्या पुढे सरकत. रांगेतल्या पोरांना वाटे, या बाई आपल्या गुरुजींना फार जपून वाढतात. संघमित्रा तंबूंमधून हिंडायची. पहिल्या दिवशी ती बापाच्या गळ्यातून खाली उतरायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे ऐकून तीही त्यांना गुरुजी म्हणू लागली. पोरे हसली, तेही हसले.

चौथ्या दिवशी दुपारी, पोरे किल्ल्यावर सहलीला गेली असताना, भांडी घासण्याच्या नळापाशी दोघांना वीस मिनिटे मिळाली. नर्मदाबाईंनी ती प्रेमाच्या बोलण्यात घालवली नाहीत.

“माणूस सापडलाय,” त्या म्हणाल्या. “अभिमन सर. शिंदखेडा तालुक्यात आहेत. गाव तुमच्या जामनेरकडचं. आई म्हातारी आहे, त्यांना तिकडं यायचंय.”

“खरं?”

“इथंच आहेत शिबिरात. मी चहाला बोलावलंय.”

अभिमन सर आले ते अर्ज खिशात घेऊनच. “सपकाळे, तुमच्यासारखा माणूस मी पाच वर्षं हुडकतोय,” ते म्हणाले. “पण एक सांगतो, पाचोऱ्याचा एक जण मागे लागलाय. पंधरा दिवस थांबतो. तुमच्या शाळेची शिफारस तेवढी लावा.”

गुरुजींनी तिथेच सही केली. नर्मदाबाई भांड्यांकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या बराच वेळ एकच परात घासत राहिल्या.

गावी परतल्यावर गुरुजींनी अर्ज रुपचंद सरांकडे दिला आणि गप्प बसले. इथे त्यांचे चुकले. गावाला काय सांगायचे? इतके दिवस खो-खोसाठी जीव टाकणारा माणूस म्हणून ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांना म्हणायचे, मला बायकोला भेटायचे होते? कागद मंजूर झाला की सांगू, असे त्यांनी ठरवले. शाळेच्या शिपायाने मात्र कागद बघितला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले: गुर्जींची बदली धुळे जिल्ह्यात.

आता गावाच्या अनुभवात बदली ही एकच गोष्ट होती. कोणी डोळ्यात खुपले की त्याची बदली होते. ग्रामसेवकाची झाली, वायरमनची झाली, एका नर्सबाईची दोनदा झाली. माणूस स्वतःहून बदली मागतो, हे तिथे कोणी ऐकले नव्हते. त्यातून जिल्हा बदलून, म्हणजे काळ्या पाण्याचीच शिक्षा. जामनेरवाल्यांनी पराभवाचा सूड उगवला, हे आबांनी एका झटक्यात ओळखले.

दहाव्या दिवशी शाळेत सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पोरांच्या टाळ्या. आबा बोलायला उभे राहिले.

“गुर्जींनी आपल्याले काही सांगितलं नाही. मानूसच तसा हाये. पन आमाले समजलं. त्यांले धुळ्याकडं फेकू राह्यले होते! आमी बावीस जन जळगावले गेलो. साहेबाच्या दारात बसलो. म्हटलं, हा मानूस आमाले पायजे. आमचा ठराव घ्या.” त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून वर धरला. “शिक्का हाये, बघा. बदली रद्द!”

टाळ्या इतक्या वाजल्या की कौलांवरची कबुतरे उडाली. बेबाने उत्स्फूर्तपणे तो ठराव वाचून दाखवला, आणि तो तिने फार छान वाचला. रुपचंद सर जमिनीकडे बघत होते. त्यांना सगळे माहीत होते. पण बावीस माणसांपुढे शहाणपण सांगण्याइतकी त्यांची नोकरी उरलेली नव्हती.

गुरुजींना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उठले. समोर आबा बसले होते, डोळे पाण्याने भरलेले. आबांनी सात वर्षांत त्यांच्यासाठी एवढा बसचा प्रवास, एवढे ऊन कधी सोसले नव्हते. खरे तर कोणासाठीच सोसले नव्हते.

“मी सगळ्यांचा आभारी आहे,” गुरुजी म्हणाले. आणि बसले.

पुढच्या रविवारी ते अमळनेरला गेले. आक्काबाई पोरीला घेऊन बाजारात गेली, तेव्हा त्यांनी नर्मदाबाईंना सगळे सांगितले. अभिमन सरांनी पाचोऱ्याच्या माणसाबरोबर कागद केल्याचे बाईंना आधीच कळले होते. का, ते आता कळले.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“आभार मानले.”

“आबांना एकट्याला तरी सांगायचं होतं.”

“सांगणार होतो. ते म्हणाले, गुर्जी, आता तुमी मरेपर्यंत आमचे. आणि मला घरात जेवायला बसवलं, पोराशेजारी. आता तिथे काय सांगू?”

हे नर्मदाबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती; त्यांच्याही खेड्यात ओटे होते. त्यांनी उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या, गुरुजींच्या पिशवीत घातल्या. चार वाजले होते. बाहेर आक्काबाई पोरीला कुठल्याशा दुकानापाशी मुद्दाम थांबवत असल्याचा आवाज येत होता.

“पुढच्या वर्षी शिबिर जळगावला आहे म्हणतात,” त्या म्हणाल्या.

“हो, ऐकलं.”

“खो-खोला मुली किती लागतात?”

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिले. “नऊ खेळायला. तीन राखीव.”

नर्मदाबाई बोटांवर आपल्या शाळेतल्या मुली मोजू लागल्या. पाचवी, सहावी, सातवी. मग थांबल्या, आणि सहावी पुन्हा पहिल्यापासून मोजली.

“दहाच भरतात,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या दोघींची लग्नं दिवाळीनंतर आहेत. त्यांच्या घरी जाऊन बोलावं लागेल.”