काकूंनी घेतलेला कौल

सरोजिनीकाकूंना "लोक काय म्हणतात?" असं विचारून बघा. त्या लगेच विचारतील, "कुठले लोक?" खोडच आहे ती. कतारमधल्या दोहा शहरातल्या एका सर्वेक्षण कंपनीत त्यांची बरीच वर्षं गेली. मल्याळ्यांचं मत वेगळं, फिलिपिनोंचं वेगळं, कतारींचं त्याहून वेगळं. सगळ्यांची मिसळ करून एकच आकडा सांगणाऱ्यावर त्या चिडतात. कोणत्या घरी प्रश्न विचारायला कुणाला पाठवायचं, हेही त्या जातीने ठरवतात. समोरचा कोण आहे ते बघून माणूस उत्तर देतो, असं नव्या पोरांना बजावतात.

आणि हेच त्या स्वतःच्या घरी विसरल्या. मला अजून हसू येतं.

तिथल्या फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी ऐन जोरात होती तेव्हाची गोष्ट. भारतीयांच्या मोठ्या संघटनेच्या निवडणुकीला आमच्या मराठी मंडळाकडून एकच उमेदवार जायचा. तो आधी आपापसांत मतदान करून ठरवायचा होता. एकीकडे काकूंचे यजमान विजयकाका, गॅस कंपनीतले जुने, अल गराफा या व्हिलांच्या वस्तीत राहणारे. दुसरीकडे ईश्वरी, स्टेडियमच्या साइटवर काँट्रॅक्टवर आलेली इंजिनिअर. तिचं म्हणणं एवढंच, की कार्यक्रम नेहमी गराफाच्या व्हिलांतच का? मन्सूऱ्यात घ्या. काँट्रॅक्टवाली पोरं तिथे राहतात, त्यांच्याकडे गाड्या नसतात.

मंडळाने काकूंना आधी अंदाज काढायला सांगितला. काकूंनी गट पाडले: कुटुंबवाले, काँट्रॅक्टवाले, त्यातही कोकणातले, देशावरचे, मराठवाड्यातले. मग स्वतःच फोन फिरवले. सगळ्या गटांत विजयकाका पुढे. मन्सूऱ्याची पोरं तर झाडून सगळी काकांची.

हे कळल्यावर ईश्वरी काकूंच्या घरी आली. रडवेली झाली होती.

"माझेच लोक माझ्याबरोबर नाहीत, काकू. उद्या नाव मागे घेते. खलास."

काकूंना फार वाईट वाटलं. पोरगी त्यांना आवडायची.

"शहाजीसुद्धा नाही म्हणाला?" ईश्वरीने विचारलं. शहाजी तिच्याच साइटवरचा, परभणीचा. "काय म्हणाला नक्की?"

"म्हणाला, 'काकू, हे काय विचारणं झालं? काकांनाच देणार.' सगळे तेच म्हणाले."

हे सांगता सांगताच काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. दर दिवाळीला याच पोरांना त्या डबे भरभरून फराळ पाठवतात. उमेदवाराच्या बायकोनेच फोन केल्यावर मराठी माणूस दुसरं काय सांगणार? खाल्ल्या मिठाला जागली बिचारी.

"नाव मागे घेऊ नकोस," काकू म्हणाल्या. "चुकलं माझंच. मी पुन्हा विचारून घेते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या इलियासला तेच फोन करायला बसवलं. इलियास हैदराबादचा, आणि त्याने कुणाला कधी चकली खाऊ घातली नव्हती. मन्सूरा जवळजवळ सगळा ईश्वरीचा निघाला. गराफातही काका जेमतेम पुढे होते. काकूंनी ते आकडे जसेच्या तसे मंडळापुढे ठेवले आणि ईश्वरी उभी राहिली. "घरचा भेदी लंका दाहे," असं काका पुढे दोन दिवस भिंतीकडे बघून म्हणत होते.

मतदान संध्याकाळी ठेवलं होतं. मन्सूऱ्याची पोरं साइटवरून थेट आली, बुटांना धूळ तशीच. ईश्वरी निवडून आली. काकांनी सगळ्यांत आधी जाऊन तिच्या पाठीवर थाप मारली. "आता पहिला कार्यक्रम मन्सूऱ्यात," ते म्हणाले. "कुणाला आणायचं-सोडायचं असेल तर माझी गाडी आहे." ते ऐकून मला बरं वाटलं. माणूस दिलदार आहे.

परतताना त्यांच्याच गाडीत मी मागे बसलो होतो. मग काकांनी हळूच विचारलं, "सरोज, तू कुणाला दिलंस गं मत?"

"अहो, हे काय विचारणं झालं? तुम्हालाच दिलं."

काका खुदकन हसले.

"राहू दे. मी इलियासला विचारायला सांगतो."